लखनौचा चौक : बाजार पायी चालणाऱ्यांचा, रस्ता मात्र वाहनांचा

देशातील रस्ते अपघातांत मृत्युमुखी पडणाऱ्या दर पाच व्यक्तींपैकी एक व्यक्ती पादचारी असते. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२३ या वर्षात रस्ते अपघातांत १ लाख ७२ हजार ८९० जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी ३५ हजार २२१ जण पायी चालणारे होते. २०१६ च्या नोंदींनुसार एकूण मृत्यूंमध्ये पादचाऱ्यांचे प्रमाण सुमारे १० टक्के होते. २०२३ मध्ये ते २० टक्क्यांवर पोहोचले. रस्ते अपघातांतील मृत्यूंची सर्वाधिक संख्या २०२३ मध्ये उत्तर प्रदेशात, म्हणजे २३ हजार ६५२ इतकी नोंदवण्यात आली.

या पार्श्वभूमीवर उत्तर प्रदेशची राजधानी लखनौ येथील ‘चौक’ या जुन्या बाजारपेठेचा विचार उद्बोधक ठरतो. मोटारींचा शोध लागण्यापूर्वी वसलेल्या आणि आजही मुख्यतः पायी हिंडणाऱ्या ग्राहकांवर चालणाऱ्या भारतीय बाजारपेठांचे हे प्रातिनिधिक उदाहरण आहे. अशा ठिकाणी पादचारी सुरक्षित कसा राहील, हा प्रश्न लखनौइतकाच पुण्याच्या पेठांचा, नाशिकच्या जुन्या भागाचा किंवा कोल्हापूरच्या महाद्वार रस्त्याचाही आहे.

चौक म्हणजे नेमके काय?

मराठीत ‘चौक’ म्हटले की चार रस्ते एकत्र येतात ती जागा डोळ्यांसमोर येते. लखनौमध्ये मात्र चौक हे एका संपूर्ण जुन्या वस्तीचे व बाजारपेठेचे नाव आहे. एका टोकाला गोल दरवाजा आणि दुसऱ्या टोकाला अकबरी दरवाजा, यांच्या दरम्यानचा अरुंद रस्ता हा या बाजाराचा कणा होय. त्याला दोन्ही बाजूंनी असंख्य गल्ल्या येऊन मिळतात. चिकन या नावाने ओळखले जाणारे पांढऱ्या धाग्याचे नाजूक भरतकाम, अत्तरे, दागिने, फुले, कबाब आणि हिवाळ्यात पहाटे मिळणारी मख्खन मलाई यांसाठी हा परिसर प्रसिद्ध आहे. लखनौच्या चिकन भरतकामाला २००८ मध्ये भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले.

अवधचे नवाब असफउद्दौला यांनी १७७५ मध्ये आपली राजधानी फैजाबादहून लखनौला हलवली आणि या बाजाराचे वैभव वाढत गेले. बडा इमामबाडा व रूमी दरवाजा या त्यांच्याच काळातील वास्तू चौकाच्या जवळ आहेत. हिंदीतील ख्यातनाम कादंबरीकार अमृतलाल नागर यांचे वास्तव्य याच चौकात होते. विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या मराठी ग्रंथाचा हिंदी अनुवाद त्यांनीच केला, हे मराठी वाचकांच्या दृष्टीने विशेष होय.

रस्ते रुंद झाले, पण कोणासाठी?

या परिसरातील रस्त्यांचा इतिहास पाहिला तर एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. १८५७ च्या उठावात लखनौ ताब्यात ठेवणे इंग्रजांना अत्यंत जड गेले. दाट वस्तीतील वळणावळणाच्या गल्ल्या बंडखोरांच्या पथ्यावर पडल्या होत्या. शहर पुन्हा जिंकल्यानंतर लष्करी अभियंता रॉबर्ट नेपियर यांच्या योजनेनुसार १८५८ पासून जुन्या लखनौमधील मोठ्या प्रमाणावरील बांधकामे पाडण्यात आली आणि वस्ती चिरत जाणारे रुंद, सरळ रस्ते काढण्यात आले. सैन्याला वेगाने हालचाल करता यावी, हा त्यामागील मुख्य हेतू होता.

तेव्हापासून या भागात दोन प्रकारचे रस्ते शेजारी शेजारी नांदत आहेत. एक, बाजाराच्या आतील गल्ल्या. त्या माणसाच्या पावलाच्या मापाने बनल्या आहेत. दुसरे, बाजाराला वेढून जाणारे रुंद रस्ते. त्यांचे माप पूर्वी लष्करी गाड्यांचे होते. आज ते मोटारी, बस आणि ई-रिक्षांचे आहे. पादचाऱ्याला असणारा धोका या दोन्ही ठिकाणी वेगवेगळ्या स्वरूपाचा आहे. त्यामुळे त्यावरील उपायही एकच असू शकत नाही.

गल्लीतील धोका आणि हमरस्त्यावरील धोका

बाजाराच्या आतील रस्त्यावर वाहनांचा वेग मुळातच कमी असतो. तेथील अडचण वेगाची नसून जागेच्या वाटपाची आहे. दुकानाबाहेर मांडलेला माल, उभ्या केलेल्या दुचाकी, माल उतरवणाऱ्या हातगाड्या आणि उघडी गटारे यांमधून जी चिंचोळी वाट उरते, तिच्यातूनच पादचारी आणि दुचाकीस्वार दोघेही जातात. येथे होणाऱ्या धडका बहुधा प्राणघातक नसतात. तथापि वृद्ध व्यक्तीच्या बाबतीत साधा धक्का लागून पडणे हेही हाड मोडण्यास पुरेसे असते. अंध व्यक्ती, चाकाच्या खुर्चीचा वापर करणारे आणि लहान मुलांना घेऊन चालणाऱ्या महिला यांना अशी वाट जवळजवळ बंदच असते.

बाहेरील हमरस्त्यावर चित्र उलट आहे. तेथे जागा आहे. परंतु वेगही आहे. समोर अचानक माणूस आल्यावर ब्रेक दाबेपर्यंत चालकाचा एक सेकंद जातो असे धरले, तर ताशी ३० किलोमीटर वेगाचे वाहन तेवढ्या अवधीत सुमारे ८ मीटर पुढे सरकते. वेग ताशी ५० किलोमीटर असेल, तर हेच अंतर सुमारे १४ मीटर होते. शिवाय वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. जेथे माणसे आणि वाहने एकत्र येतात तेथे वेगमर्यादा ताशी ३० किलोमीटर असावी, असे आवाहन २०२० च्या फेब्रुवारीत स्टॉकहोम येथे झालेल्या जागतिक परिषदेच्या जाहीरनाम्यात करण्यात आले, त्यामागे हेच गणित आहे.

चौकाच्या बाबतीत या मुद्द्याला आणखी एक गंभीर बाजू आहे. १९११ मध्ये सुरू झालेले आणि आज किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ म्हणून ओळखले जाणारे मोठे रुग्णालय याच परिसरात आहे. राज्याच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून अपघातग्रस्तांना येथील ट्रॉमा सेंटरमध्ये आणले जाते. रुग्णांचे नातेवाईक औषधे, जेवण किंवा निवाऱ्याच्या शोधात दिवसरात्र पायी ये-जा करतात. त्यांतील बहुतेकांना हे शहर अनोळखी असते, मन काळजीने ग्रासलेले असते आणि रस्ता ओलांडताना लक्ष ठिकाणावर नसते. ज्या परिसरात अपघातातील जखमींवर उपचार होतात, तेथील रस्त्यानेच नवे जखमी निर्माण करू नयेत, ही अपेक्षा निश्चितच अवाजवी नाही.

कायदा काय सांगतो?

पादचाऱ्यांच्या बाजूने कायदा नाही, असा एक समज आढळतो. तो खरा नाही. २०१७ च्या मोटार वाहन (वाहन चालविणे) विनियमांनुसार सिग्नल अथवा पोलीस नसलेल्या ठिकाणी झेब्रा पट्ट्यांवरून माणसे जात असतील, तर चालकाने वेग कमी करून व थांबून त्यांना वाट देणे बंधनकारक आहे. पदपथावरून वाहन चालवण्यासही मनाई आहे. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने तर रस्ता बांधणाऱ्यालाही उत्तरदायी धरले. ठरवून दिलेल्या मानकांनुसार रस्त्याची आखणी, बांधणी वा देखभाल न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व ओढवल्यास संबंधित यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद कलम १९८-अ मध्ये आहे.

सर्वोच्च न्यायालयाने या विषयात २०२५ मध्ये दोन महत्त्वाचे आदेश दिले. कोइमतूर येथील अस्थिशल्यचिकित्सक डॉ. एस. राजशेखरन यांनी २०१२ मध्ये दाखल केलेल्या याचिकेवर हे आदेश देण्यात आले. १४ मे २०२५ रोजी न्यायालयाने असे स्पष्ट केले की, अडथळामुक्त आणि अपंग व्यक्तींनाही वापरता येतील अशा पदपथांचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्यानंतर ७ ऑक्टोबर २०२५ रोजी न्यायालयाने सर्व राज्यांना पादचाऱ्यांची ये-जा आणि रस्त्यांची मानके यांविषयी सहा महिन्यांत नियम तयार करण्यास सांगितले. देशातील ५० मोठ्या शहरांतील पदपथ व रस्ता ओलांडण्याच्या जागा यांची तपासणी करावी, बाजारपेठा, रेल्वे व बस स्थानके, धार्मिक स्थळे आणि शैक्षणिक संस्था अशा वर्दळीच्या ठिकाणांना प्राधान्य द्यावे आणि पादचाऱ्यांना तक्रार नोंदवण्यासाठी ऑनलाइन व्यवस्था उभारावी, असेही या आदेशात नमूद करण्यात आले. ज्या शहरांच्या यादीवरून ही ५० शहरे घेण्यात आली, तिच्यात लखनौचा समावेश आहे. चौक तर वर्णनाप्रमाणे तंतोतंत अशीच जागा आहे. बाजार, रुग्णालय, वैद्यकीय शिक्षणसंस्था आणि धार्मिक वास्तू येथे हाकेच्या अंतरावर आहेत.

फेरीवाला हा शत्रू नव्हे

पदपथ मोकळा करायचा म्हटले की पहिला बडगा फेरीवाल्यांवर उगारला जातो. काही दिवसांनी गाड्या पुन्हा लागतात आणि मोहीम विरून जाते. हा अनुभव देशातील जवळजवळ प्रत्येक शहराचा आहे.

या प्रश्नाची कायदेशीर चर्चा मुंबईतून सुरू झाली. मुंबई महानगरपालिकेविरुद्धच्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. त्याच वेळी पदपथ हे मुळात चालण्यासाठी असल्याचेही न्यायालयाने बजावले. फेरीवाल्याची भाकरी आणि पादचाऱ्याचे पाऊल या दोहोंना आज एकाच अनुच्छेदाचा आधार आहे. त्यामुळे एकाला हटवून दुसऱ्याचे रक्षण करणे हा टिकाऊ मार्ग ठरत नाही.

या दोन हक्कांची सांगड घालणारा कायदा २०१४ मध्ये संसदेने संमत केला. पथविक्रेत्यांविषयीच्या या कायद्यानुसार प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती स्थापन करावयाची असून तिच्यातील किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी असावे लागतात. विक्रेत्यांची पाहणी करणे आणि विक्रीसाठी जागा निश्चित करणे ही कामे या समितीच्या सहभागाने करावयाची आहेत. चौकासारख्या बाजारात याचा व्यावहारिक अर्थ असा की, प्रथम चालण्याची सलग वाट आखावी, तिची सीमा जमिनीवर ठळकपणे दाखवावी आणि मग उरलेल्या जागेत विक्रेत्यांना क्रमांक देऊन बसवावे. विक्रेते असलेला रस्ता रात्रीही जागता राहतो आणि त्यामुळे महिलांना तेथून चालणे अधिक सुरक्षित वाटते, ही बाबही दुर्लक्षिता येणार नाही.

कोणते उपाय उपयुक्त ठरतात?

पादचाऱ्यांच्या सोयींविषयी भारतीय रस्ते परिषदेची मार्गदर्शक तत्त्वे उपलब्ध असून २०१२ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती प्रसिद्ध झाली. त्यांनुसार पदपथाची चालण्यायोग्य, अडथळामुक्त रुंदी किमान १.८ मीटर असावी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी. दोन चाकाच्या खुर्च्या समोरासमोरून जाऊ शकतील, असा रुंदीच्या या मापामागील विचार आहे. उंचीचे माप तर आणखी महत्त्वाचे आहे. पदपथ गुडघ्याएवढा उंच केला की वृद्ध व्यक्ती त्यावर चढतच नाहीत आणि रस्त्यावरूनच चालतात.

बाहेरील हमरस्त्यांवर रस्ता ओलांडण्याची जागा ही निर्णायक बाब असते. सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. या हिशेबाने १४ मीटर रुंदीचा रस्ता ओलांडण्यास सुमारे १२ सेकंद लागतात. एखादी वृद्ध व्यक्ती सेकंदाला ०.८ मीटर वेगाने चालत असेल, तर तिला १७ सेकंदांहून अधिक वेळ लागेल. म्हणजे शेवटची पाच सेकंदे ती सुटलेल्या वाहनांसमोर असेल. रस्त्याच्या मध्यभागी थांबण्यासाठी सुरक्षित बेट ठेवले, तर हाच प्रवास सात-सात मीटरच्या दोन टप्प्यांत विभागला जातो. झेब्रा पट्टे पदपथाच्या पातळीपर्यंत उंच केले, तर ते गतिरोधकाचेही काम करतात आणि चालकाला वेग कमी करावाच लागतो. केवळ रंगाचे पट्टे काही महिन्यांत पुसले जातात. उंचावलेले पट्टे मात्र पोलीस नसतानाही आपले काम करत राहतात.

याउलट पादचारी पूल हा सोपा वाटणारा उपाय बाजारपेठेत फारसा लागू पडत नाही. मुंबईत २००८ मध्ये वांद्रे येथे पहिला स्कायवॉक उभारण्यात आला आणि त्यानंतर महानगर प्रदेशात अनेक स्कायवॉक झाले. रेल्वेच्या पुलाला थेट जोडलेले स्कायवॉक वर्दळीचे राहिले. परंतु केवळ रस्ता ओलांडण्यासाठी जिने चढून जाण्यास लोक नाखूष असतात, हेही दिसून आले. हातात सामान असलेल्या माणसाला वर चढायला लावून वाहनांना सपाट रस्ता मोकळा करून देणे, हा प्राधान्यक्रमच उलटा आहे. रस्ते वाहनांसाठी नव्हे तर माणसांच्या ये-जा करण्यासाठी आहेत, हे तत्त्व केंद्र सरकारने २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणातच मान्य केले आहे.

वेळेचे वाटप

बाजाराच्या आतील गल्ल्या रुंद करणे शक्य नाही आणि इष्टही नाही. दुकाने पाडली तर बाजारच उरणार नाही. तेथे जागेऐवजी वेळेचे वाटप करावे लागते. दिल्लीतील चांदनी चौक हे त्याचे ठळक उदाहरण आहे. लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद या दरम्यानच्या सुमारे १.३ किलोमीटर रस्त्याचे नूतनीकरण करून सप्टेंबर २०२१ मध्ये तो खुला करण्यात आला. सकाळी ९ ते रात्री ९ या वेळेत तेथे मोटार वाहनांना बंदी घालण्यात आली. मालवाहतूक रात्री आणि पहाटे, तर ग्राहकांची ये-जा दिवसा, अशी ही विभागणी आहे. मात्र पुढे नियम मोडून शिरणाऱ्या वाहनांच्या आणि फेरीवाल्यांच्या तक्रारी उच्च न्यायालयापर्यंत गेल्या. दगडी फरसबंदी हे काम एकदाचे असते, परंतु तिची राखण रोजची असते, हा त्यातून मिळणारा धडा होय.

पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले. ११ डिसेंबर २०२१ रोजी गजबजलेल्या लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांसाठी बंद ठेवून तेथे ‘पादचारी दिन’ साजरा करण्यात आला. एका दिवसाने रस्ता बदलत नाही, हे खरे आहे. पण वाहने बंद केल्यास ग्राहक येणार नाहीत ही व्यापाऱ्यांची भीती असे प्रयोग करूनच तपासता येते. चौकातही गोल दरवाजा ते अकबरी दरवाजा हा भाग प्रथम आठवड्यातील एक दिवस आणि नंतर दररोज ठरावीक तास वाहनमुक्त ठेवून असा अंदाज घेता येईल. रुग्णवाहिका व अग्निशमन बंब यांच्यासाठी काढता येण्याजोगे खांब, स्थानिक रहिवाशांच्या दुचाकींसाठी सवलत आणि चालू न शकणाऱ्यांसाठी सायकलरिक्षा, या तीन गोष्टींची तरतूद केल्याशिवाय मात्र अशी बंदी न्याय्य ठरणार नाही.

मेट्रो येण्यापूर्वीची संधी

या चर्चेला आता निकड प्राप्त झाली आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने १२ ऑगस्ट २०२५ रोजी लखनौ मेट्रोच्या चारबाग ते वसंतकुंज या ११.१६५ किलोमीटर लांबीच्या मार्गाला मंजुरी दिली. ५ हजार ८०१ कोटी रुपये खर्चाच्या या मार्गावर १२ स्थानके असून त्यांतील ७ भुयारी असतील. अमीनाबाद, याहियागंज, पांडेगंज आणि चौक या जुन्या बाजारपेठा या मार्गामुळे मेट्रोने जोडल्या जाणार आहेत.

मेट्रोचा प्रत्येक प्रवासी स्थानकाबाहेर पाऊल टाकताच पादचारी होतो. स्थानकाच्या दारापासून बाजारापर्यंत आणि रुग्णालयापर्यंत सलग पदपथ नसेल, तर हजारो माणसे एकदम त्याच चिंचोळ्या वाटेवर येऊन पडतील आणि त्यांना नेण्यासाठी ई-रिक्षांचा घोळका दाराशी उभा राहील. पदपथ, रस्ता ओलांडण्याच्या जागा आणि ई-रिक्षांचे थांबे यांची आखणी स्थानकाच्या आराखड्यासोबतच झाली, तर तिचा खर्च मेट्रोच्या एकूण खर्चाच्या तुलनेत नगण्य राहतो. स्थानक बांधून झाल्यावर तेच काम करायचे म्हटले, तर नव्याने खोदकाम आणि नव्याने वाद अटळ ठरतात. महापालिका, विकास प्राधिकरण, सार्वजनिक बांधकाम विभाग, वाहतूक पोलीस आणि मेट्रो महामंडळ या पाच यंत्रणांनी एकाच नकाशावर काम करणे ही त्यासाठीची पहिली अट आहे.

अपघात झाल्यास

पादचाऱ्याला धडक देऊन वाहन पळून गेल्यास भरपाई मिळत नाही, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या योजनेनुसार अशा घटनेत मृत्यू झाल्यास २ लाख रुपये, तर गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये देण्याची तरतूद आहे. तसेच २०२५ च्या मे महिन्यात अधिसूचित झालेल्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीला नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडविरहित उपचार मिळू शकतात. जखमीला सद्भावनेने मदत करणाऱ्या नागरिकावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होऊ नये, असे संरक्षणही कायद्याने दिले आहे.

अर्थात भरपाई हा अपघातानंतरचा विचार झाला. अपघात घडूच नये यासाठी लागणारी बहुतेक साधने खर्चिक नाहीत. सलग व बुटका पदपथ, उंचावलेले झेब्रा पट्टे, मध्यभागी थांबण्याचे बेट, ताशी ३० किलोमीटरची मर्यादा आणि बाजाराच्या आत वाहनांना ठरवून दिलेली वेळ, एवढ्यांतून चौकासारख्या परिसराचे रूप पालटू शकते. वाहनांचा वेग काही मिनिटांनी कमी होईल, हे त्याचे मोल आहे. त्या बदल्यात नातवाचा हात धरून खरेदीला निघालेली आजी आणि औषधाची चिठ्ठी घेऊन धावणारा नातेवाईक सुखरूप परत येणार असतील, तर ते मोल फार मोठे म्हणता येणार नाही.